अपडेट ठाण्यातून निघते. टोकावड्यात पोहोचते का?

प्रतिनिधी, शहापूर/मुरबाड

सकाळचे साडेदहा वाजलेले. डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरून पहिली एसटी पकडून शहापूरला आलेला शेतकरी खिडकीसमोर उभा आहे. हातात पीककर्जाचे कागद आहेत. खिडकीपलीकडच्या संगणकावर पांढरे टिंब गोल गोल फिरते आहे आणि त्याखाली सूचना आहे, अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. ‘बाबा, जरा बसा. सिस्टीम अपडेट होतेय,’ कर्मचारी सांगतो. ‘किती येळ लागंल, साहेब?’ या प्रश्नाचे उत्तर साहेबांपाशीही नसते. तासाभराने टिंब थांबते, संगणक सुरू होतो, पण प्रिंटर ओळखेनासा होतो. दुपारची एसटी चुकली तर मुक्काम ठरलेला, म्हणून शेतकरी कागद पुन्हा पिशवीत घालतो आणि ‘उद्या येतो’ म्हणून निघतो.

प्रसंग प्रातिनिधिक आहे. शहापूर, मुरबाड किंवा अन्य कोणत्याही तालुक्याच्या गावी बँक, पतसंस्था, सेतू केंद्र वा सरकारी कार्यालयात ज्याचे काम पडले आहे, त्याला तो अनोळखी वाटणार नाही. ‘सिस्टीम डाऊन आहे’ या वाक्याची आता सवय झाली आहे. मात्र ‘अपडेट’ नावाचा हा प्रकार नेमका काय असतो, तो कोण पाठवतो, भर कामाच्या वेळीच का येतो आणि तो टाळला तर काय बिघडते, याचा विचार फारसा होत नाही. वास्तविक कोणत्याही मोठ्या संस्थेचा संगणकीय कारभार किती सुरक्षित आणि किती भरवशाचा आहे, हे तिच्या मुख्यालयातील झगमगीत सर्व्हर रूमवरून ठरत नाही. ते ठरते तिच्या सर्वांत दूरच्या संगणकावर योग्य अपडेट योग्य वेळी पोहोचले की नाही, यावरून.

दुरुस्तीची ठिगळे

सॉफ्टवेअर म्हणजे माणसांनी लिहिलेल्या लक्षावधी ओळींच्या सूचना. त्यांत चुका राहतात. काही चुका किरकोळ असतात, पण काही चुका म्हणजे चोराला आत शिरण्यासाठी राहिलेली फट ठरतात. अशी फट सापडली की सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ती बुजवणारा छोटा प्रोग्रॅम तयार करते. त्याला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असे अगदी समर्पक नाव आहे. पॅच, नव्या सोयी, प्रिंटरसारख्या उपकरणांचे ड्रायव्हर, अँटिव्हायरसची ताजी माहिती या सगळ्यांना मिळून आपण ‘अपडेट’ म्हणतो.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून विंडोजचे सुरक्षा पॅच महिन्यातून एका ठरावीक दिवशी, दुसऱ्या मंगळवारी, प्रसिद्ध करण्याची प्रथा सुरू केली. अमेरिकेत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा, तिकडे हिवाळ्यातली वेळ लागू असेल तेव्हा, साडेअकरा. म्हणजे भारतातील कार्यालयांच्या दृष्टीने हा मंगळवार प्रत्यक्षात बुधवारी सकाळी उजाडतो. त्या सकाळी हजारो कार्यालयांतले संगणक सुरू होतात आणि नव्या पॅचची विचारणा करू लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पॅच प्रसिद्ध होतो त्याच क्षणी फट कोठे होती, हेही जगाला कळते. हल्लेखोर जुने आणि नवे सॉफ्टवेअर शेजारी ठेवून काय बदलले ते पाहतात आणि ज्यांनी अजून पॅच लावलेला नाही, त्यांच्यासाठी सापळा तयार करतात. त्यामुळे पॅच आल्यानंतरचे दिवस हे पॅच न लावलेल्या संगणकासाठी आधीपेक्षा अधिक धोक्याचे असतात.

घरचा एक, संस्थेचे साठ

घरच्या संगणकाचे काम सोपे असते. तो थेट कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, पॅच उतरवून घेतो आणि रीस्टार्ट होतो. संस्थेत मात्र असे प्रत्येक संगणकाला मोकळे सोडून चालत नाही. तेथे प्रत्येक संगणकावर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. मुख्य कार्यालयातील सर्व्हर हा मालक आणि टेबलावरचे संगणक हे त्याचे ‘क्लायंट’. एजंट ठरावीक वेळाने सर्व्हरकडे हजेरी लावतो. आपल्यावर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याची आवृत्ती कोणती, कोणते पॅच बसलेले आहेत, हे सांगतो आणि पुढचा हुकूम विचारतो. संगणक विभागाने ज्या अपडेटला मंजुरी दिली असेल तेवढेच तो उतरवून घेतो.

ही व्यवस्था सांभाळणारी साधने अनेक आहेत. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’ ही सोय २००५ पासून या नावाने उपलब्ध आहे. ती विंडोज सर्व्हरसोबतच मिळत असल्याने लहान संस्थांतही रुळली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने तिच्यात यापुढे नव्या सुविधांची भर घालणार नसल्याचे जाहीर केले. ती बंद मात्र केलेली नाही. मोठ्या संस्था ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ किंवा इंटरनेटवरून चालणारे ‘इंट्यून’ वापरतात. लिनक्सवर चालणाऱ्या कार्यालयांत पॅकेजची स्थानिक प्रत ठेवणारा सर्व्हर हेच काम करतो.

दोन मेगाबिटचे गणित

समजा, ठाण्यात मुख्य कार्यालय असलेली एक पतसंस्था आहे. तिच्या शाखा शहापूर, किन्हवली, खर्डी, मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशा गावी पसरलेल्या आहेत. एकूण संगणक साठ. टोकावड्याच्या शाखेत पाच संगणक आणि सेकंदाला दोन मेगाबिट वेगाची जोडणी आहे. महिन्याचे अपडेट ६०० मेगाबाइटचे आहे.

एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे ६०० मेगाबाइट हे ४,८०० मेगाबिट झाले. दोन मेगाबिटच्या वेगाने ते उतरायला २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे लागतील. तेही जोडणी एकदाही न तुटता पूर्ण वेगाने चालली तर. पाचही संगणकांनी आपापली प्रत ठाण्याहून मागवली तर हाच वेळ तीन तास वीस मिनिटांवर जातो. तेवढा काळ ती एकमेव जोडणी अपडेटने व्यापलेली राहते आणि पासबुक भरण्यापासून कर्जखाते उघडण्यापर्यंतची कामे रखडतात. खिडकीसमोर रांग वाढते ती अशी.

यावरचा उपाय जुनाच आहे. गावात टँकर आला की प्रत्येक जण थेट धरणावर जात नाही. पाणी एकदा विहिरीत सोडले जाते आणि मग घरोघरी नेले जाते. त्याप्रमाणे शाखेतील एकाच संगणकाने अपडेटची प्रत रात्री एकदा उतरवून ठेवायची आणि बाकीच्या चारांनी ती शाखेच्या अंतर्गत जाळ्यातून घ्यायची. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाच्या अंतर्गत जाळ्यात हेच ६०० मेगाबाइट मिनिटभरात पोहोचतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ‘ब्रँचकॅश’ नावाने आणि विंडोज १० पासून ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाने ही सोय संगणकातच उपलब्ध आहे. ती सुरू करून देण्याचे काम मात्र कोणीतरी आठवणीने करावे लागते.

उशिराची किंमत

अपडेट इतके कटकटीचे असेल, तर ते पुढे ढकलावे, असे कोणालाही वाटेल. अनेक ठिकाणी तसेच होते. या ढकलण्याची किंमत जगाने १२ मे २०१७ रोजी मोजली. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्या दिवसापासून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांना त्याची बाधा झाली.

त्या प्रोग्रॅमने ज्या फटीतून प्रवेश केला, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी प्रसिद्ध केलेला होता. बाधित संगणक जुनाट होते, असा समज पसरला होता. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांवर विंडोज ७ होते आणि त्यासाठी पॅच उपलब्ध होता. कोणीतरी तो लावला नव्हता, एवढेच.

आणखी दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, असेच संकट आपल्या अगदी शेजारी आले. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या टर्मिनलचे कामकाज ‘नॉटपेट्या’ नावाच्या हल्ल्यामुळे ठप्प झाले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी चालवत होती आणि हल्ला मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यावर झाला होता. समूहाला सुमारे ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागल्याचे मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

या हल्ल्याची वाट अधिक विचार करायला लावणारी आहे. युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेतच हल्लेखोर शिरले होते. म्हणजे अपडेटच्याच वाटेने विष आले. एकदा आत शिरल्यावर ते पॅच न लावलेल्या संगणकांतून आणि चोरलेल्या पासवर्डांच्या साह्याने लावलेल्याही संगणकांतून पसरले. त्यामुळे केवळ पॅच लावून भागत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अख्ख्या संगणकावर अधिकार देऊ नये, एका शाखेची लागण दुसरीकडे जाणार नाही अशा भिंती जाळ्यात असाव्यात आणि माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडून स्वतंत्र ठेवावी, हा त्याचा धडा.

खुद्द अपडेट वाटणारा सर्व्हरही यातून सुटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर उल्लेखलेल्या ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’मध्येच गंभीर फट आढळली आणि मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या मंगळवारची वाट न पाहता तातडीचा पॅच काढावा लागला. ज्याच्या हाती सगळ्या घरांच्या किल्ल्या, त्याचे दार आधी बंद हवे.

घाईची किंमत

मग पॅच आला की त्याच क्षणी सगळीकडे लावून टाकावा काय? याचे उत्तर १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारने दिले. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रॅमसाठी माहितीची एक नवी फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर धाडली. तिच्यात दोष होता. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, कंपनीने ती मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. मुंबईसह देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली.

तो हल्ला नव्हता. संरक्षणासाठीच पाठवलेले अपडेट होते. ते सर्वांना एकाच वेळी गेले, हा मुख्य दोष. पुढे कंपनीने अशा फायलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत स्वीकारली.

या प्रसंगाचा ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. फाइल मागे घेतली तरी बंद पडलेला संगणक आपोआप सुरू होत नव्हता. बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रासमोर माणसाने बसून, ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून, दोषी फाइल हाताने काढावी लागली. डिस्क कूटबद्ध असेल तर तिची ४८ आकडी किल्लीही लागत होती. मुंबईच्या एखाद्या मनोऱ्यात अशी दुरुस्ती करायची तर तंत्रज्ञ मजल्यामागून मजला पालथा घालतो. हेच टोकावडे, धसई, डोळखांब आणि कसाऱ्याला करायचे झाले तर? मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून रस्त्यानेच जावे लागते. शहापूर गावासाठी आसनगावला उतरून पुढे रिक्षा किंवा बस. आणि पावसाळ्यात माळशेज घाटाच्या पायथ्याची वाट कशी असते, हे त्या बाजूने प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. शहरात जो बिघाड दुपारपर्यंत आवरतो, तो येथे आठवडा खातो.

आधी दहा, मग सगळे

उशीरही नको आणि घाईही नको, यातून मार्ग काढण्याची पद्धत संगणक क्षेत्राने ठरवली आहे. अपडेट वर्तुळांनी पसरवायचे. पहिल्या वर्तुळात संगणक विभागाचे स्वतःचे दोन-चार संगणक. दुसऱ्यात प्रत्येक प्रकारच्या कामाचा एकेक संगणक, म्हणजे रोखपालाचा एक, कर्ज विभागाचा एक, पासबुक छापणारा एक. दोन-तीन दिवस काही तक्रार आली नाही की तिसऱ्या वर्तुळात सर्व शाखा. आपल्या कल्पनेतील पतसंस्थेत पहिल्या दोन वर्तुळांत मिळून दहा संगणक ठेवले, तरी साठांपैकी पन्नास सुरक्षित राहतात.

येथे एक चूक हमखास होते. चाचणीसाठीचे सगळे संगणक मुख्य कार्यालयातच निवडले जातात, कारण ते सोयीचे असते. परंतु ठाण्यातला संगणक नवा, जोडणी वेगवान, वीज अखंड. तेथे चाललेले अपडेट टोकावड्यातील सात वर्षे जुन्या संगणकावर आणि त्याहून जुन्या पासबुक प्रिंटरवर चालेल, याची हमी त्यातून मिळत नाही. चाचणीच्या वर्तुळात दूरच्या शाखेचा एक तरी संगणक हवाच. मात्र तो असा निवडावा, की बंद पडला तरी शेजारच्या टेबलावर काम चालू राहील.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. अपडेटने काम बिघडले तर मागची आवृत्ती कशी आणायची, किती वेळात आणायची आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हे आधी लिहून ठेवलेले असावे. तिसरी गोष्ट मुहूर्ताची. ३१ मार्चच्या हिशेबात, पीककर्जाच्या मे-जूनमध्ये किंवा शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी दाखल्यांची झुंबड उडते त्या दिवसांत नव्या सोयींची अपडेट थांबवावीत. सुरक्षेचे पॅच मात्र थांबवू नयेत. कारण हल्लेखोर आपले वेळापत्रक पाहून येत नाही.

मेन स्विच आणि ‘शट डाऊन’

कागदावर हे सारे सरळ दिसते. प्रत्यक्षात दूरच्या कार्यालयात अडचणी फार साध्या असतात. पहिली म्हणजे मेन स्विच. संध्याकाळी कार्यालय बंद करताना विजेचा मेन स्विच पाडण्याची शिस्त अनेक ठिकाणी आहे आणि शॉर्टसर्किटच्या भीतीने ती योग्यही आहे. परंतु ‘अपडेट रात्री दोन वाजता होईल’ असे मुख्यालयाने ठरवले, तर बंद संगणकावर ते होणार कसे? मग तो संगणक सकाळी दहा वाजता सुरू झाला की राहिलेले काम तेव्हाच करायला घेतो. भर गर्दीत टिंब फिरताना दिसते, त्यामागे बरेचदा इतके साधे कारण असते. आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून, इन्व्हर्टर असेल तेथे, एका जबाबदार व्यक्तीने तासभर थांबून हे काम उरकणे अधिक शहाणपणाचे.

दुसरी अडचण रीस्टार्टची. पॅच उतरला म्हणजे लागू झाला, असे नव्हे. अनेक पॅच संगणक रीस्टार्ट झाल्यावरच लागू होतात. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय सुरू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावरही यंत्रणेचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी ‘रीस्टार्ट’च करावे लागते. रोज संध्याकाळी इमानेइतबारे संगणक बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला हे कोणी सांगितलेलेच नसते.

तिसरी अडचण विजेची. अपडेट अर्धे झाले असताना वीज गेली, तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर ‘संगणक बंद करू नका’ ही सूचना वाचून काय उपयोग? चौथी अडचण कपाटातल्या लॅपटॉपची. शिबिरासाठी वा फिरतीसाठी दिलेला लॅपटॉप महिनोन्‌महिने जाळ्याला जोडलाच जात नाही. मुख्यालयाच्या अहवालात तो एक तर दिसतच नाही किंवा ‘शेवटची हजेरी चार महिन्यांपूर्वी’ असा दिसतो. आणि मग एके दिवशी तोच थेट जाळ्यात जोडला जातो.

म्हणूनच ‘९५ टक्के संगणक अद्ययावत’ या अहवालाने समाधान मानू नये. साठांतले पाच टक्के म्हणजे तीन. ते तीन कोणते, हा खरा प्रश्न. बहुधा ते दूरच्याच शाखेतले असतात आणि घरफोडीला एक उघडी खिडकी पुरते.

यंत्र वाटपाचा दिवस आणि नंतरची वर्षे

मुरबाड तालुक्याला या विषयाची एक आठवण आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत हा कार्यक्रम झाला. बँक ऑफ बडोदाने गावातील दुकानदारांना कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे दिली. किराणा दुकानात, वडापावच्या गाडीवर यंत्र पाहायला देशभरातील पत्रकार आले. पुढे गावातले बरेच व्यवहार पुन्हा रोखीने होऊ लागल्याच्या बातम्याही आल्या. त्याची कारणे अनेक असू शकतात आणि त्यांचा दोष एकट्या तंत्रज्ञानाला देता येणार नाही. पण स्वाइप यंत्र हाही एक क्लायंटच आहे. त्यातला प्रोग्रॅम, सुरक्षेच्या किल्ल्या, बँकेशी बोलण्याची भाषा हे सगळे दूरवरून वेळोवेळी बदलावे लागते आणि त्यासाठी वीज व सिग्नल दोन्ही लागतात. यंत्रवाटप हा एका दिवसाचा सोहळा असतो, त्यांची निगा हे वर्षानुवर्षांचे काम.

सरकारी कामकाजात याची जाणीव झाल्यामुळेच अनेक सॉफ्टवेअर टेबलावरच्या संगणकावरून उचलून ब्राउझरमध्ये आणली गेली. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणासाठी राज्यात २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला होता. २४ एप्रिल २०२० पासून पंचायतींचे हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर आले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. मध्यवर्ती सर्व्हरवर एकदा बदल केला की तो शहापूरला आणि सिंधुदुर्गाला एकाच वेळी दिसतो, हा यातला मोठा फायदा.

तरीही क्लायंटचे काम संपत नाही. ब्राउझर हेही सॉफ्टवेअरच आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो, बोटाच्या ठशाच्या यंत्राला ड्रायव्हर लागतो. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीच्या जोडप्रोग्रॅमांना कायमची रजा दिली, तेव्हा जावावर विसंबलेली स्वाक्षरीची साधने त्या ब्राउझरमध्ये चालेनाशी झाली. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. अशा वेळी ‘जुना ब्राउझर अपडेट करू नका, नाहीतर सही होणार नाही’ असा तोंडी निरोप कार्यालयाकार्यालयांत फिरतो आणि सोयीसाठी ठेवलेली ती जुनी आवृत्ती पुढे फट होऊन बसते.

आता प्रश्न विंडोज १० चा

या सगळ्याला सध्या एक निकडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत सुरक्षा पॅच बंद झाले. विंडोज ११ साठी संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. अनेक जुन्या संगणकांत तो नाही. संस्थांना पैसे भरून आणखी तीन वर्षांपर्यंत पॅच घेता येतात. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. साठ संगणकांची संस्था हा हिशेब करू शकते. मुख्यालयात नवे संगणक घेऊन तेथले जुने तालुक्याच्या शाखांकडे पाठवण्याची जी रूढ पद्धत आहे, तिचा मात्र आता पुनर्विचार करावा लागेल. कारण पॅच न मिळणारा संगणक सर्वांत दूरच्या, सर्वांत कमी देखरेखीच्या टेबलावर ठेवणे म्हणजे धोका हातांनी तेथे नेऊन ठेवणे होय.

नियमांची बाजू रिकामी नाही. देशातील संगणकीय हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी ‘सर्ट-इन’ ही यंत्रणा जानेवारी २००४ पासून कार्यरत असून ती पॅचविषयी सूचना प्रसिद्ध करते. एप्रिल २०२२ मधील तिच्या निर्देशांनुसार संगणकीय घटनांची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी जी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट घालून दिली, तिच्यात पॅच व्यवस्थापनाचा समावेश आहे. प्रश्न अंमलबजावणीचा, आणि तोही शेवटच्या शाखेपर्यंतच्या.

त्यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. प्रत्येक कार्यालयात कोणकोणते संगणक आहेत, याची खरी आणि पूर्ण नोंद; त्यातील प्रत्येकाची शेवटची हजेरी कधी लागली, याची आठवड्याची यादी; शाखेत अपडेटची एक स्थानिक प्रत; चालू स्थितीतील यूपीएस; अपडेटची एक ठरलेली संध्याकाळ आणि त्या संध्याकाळी थांबणारी, थांबल्याबद्दल दुसऱ्या दिवशी सवलत मिळणारी एक व्यक्ती. शिवाय एक कागद, ज्यावर सिस्टीम बंद असताना काम हाताने कसे करायचे, पावती कशी द्यायची आणि नंतर नोंद कशी चढवायची, हे लिहिलेले आहे. खिडकीवर एक सूचनाही लावता येईल, ‘बुधवारी संध्याकाळी पाचनंतर अपडेट, व्यवहार बंद.’ पाड्यावरून येणाऱ्या माणसाला एसटीचे तिकीट काढण्याआधी हे कळले, तर त्याचा एक दिवस वाचेल.

शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. वाहिनी गावावरून गेली म्हणजे नळाला पाणी आले, असे होत नाही, हे येथल्या लोकांना कोणी शिकवायला नको. अपडेटचेही तसेच आहे. ते ठाण्याच्या सर्व्हरवरून निघाले, एवढ्यावर अहवाल लिहून मोकळे होता येणार नाही. ते टोकावड्याच्या पाचव्या टेबलावर पोहोचले का, बसले का आणि बसल्यावर खिडकीसमोरच्या माणसाचे काम झाले का, हे विचारायला हवे.